पाच डॉलरची बाटली आणि आपली पऱ्हाटी

कास्तकार मंडळी, आजचा विषय पाहून काही जण म्हणतील, संपादकाले झालं तरी काय? कापूस, तूर, संत्र्याचे भाव सोडून शेतीच्या पानावर ऑस्ट्रेलियाची तांबडी वाइन काहून? थोडा दम धरा. ही बाटली अमरावतीच्या दुकानात कशी येते, तिच्यावर ड्युटी किती लागते आणि ती बनवणाऱ्या कास्तकाराच्या हाती काय पडतं, हे पाहिलं की आपल्या पऱ्हाटीचा हिशोबही त्याच कागदावर लिहिलेला सापडतो. हा लेख कोणी प्यावी म्हणून नाही. पिणारा पितो, न पिणारा पीत नाही. त्यात आम्ही पडत नाही.

आधी कराराची गोष्ट सांगतो. भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात २ एप्रिल २०२२ रोजी व्यापार करार झाला आणि २९ डिसेंबर २०२२ पासून तो लागू झाला. आपल्या तालुक्यात त्याची चर्चा किती झाली? आठवून पाहा. पानठेल्यावर झाली नाही, बाजार समितीच्या आवारात झाली नाही, ग्रामसभेत तर नाहीच नाही. त्या करारात वाइनचं एक कलम आहे, ते प्रत्येक सरपंचाने वाचण्यासारखं आहे. त्यापूर्वी परदेशी वाइनवर दीडशे टक्के आयात ड्युटी होती. करारात ती कमी केली, पण सरसकट नाही. ज्या बाटलीची आयात किंमत पाच डॉलरपेक्षा जास्त, तिच्यावर पहिल्याच दिवसापासून शंभर टक्के, आणि दहा वर्षांत उतरत उतरत पन्नास टक्के. पंधरा डॉलरच्या वरची असेल तर पहिल्या दिवशी पंचाहत्तर आणि दहा वर्षांनी पंचवीस. आणि पाच डॉलरच्या खालच्या बाटलीला सवलत काहीच नाही.

या शेवटच्या वाक्यावर थांबा जरा. महागड्या बाटलीला दार उघडलं आणि स्वस्त बाटलीच्या तोंडावर कडी घातली, असं काहून केलं असेल? कारण स्वस्त वाइन आपल्या नाशिकच्या मालाशी भिडते. श्रीमंताच्या टेबलावरची हजारो रुपयांची बाटली आली काय अन् न आली काय, दिंडोरी-निफाडच्या द्राक्षवाल्याला त्याचा धक्का नाही. पण दोन-तीन डॉलरची ऑस्ट्रेलियन बाटली बिनड्युटीची आली असती, तर आपल्याकडचा वाइन धंदा वर्षभरात बसला असता. वाइनवाल्यांनी आपली बाजू सरकारदरबारी मांडली होती. पाच डॉलरची ती ओळ करारात आहे आणि नाशिकच्या बागांभोवती तिने कुंपण घातलं आहे.

आता त्याच कराराचं दुसरं पान उलटा. लांब धाग्याचा कापूस : वर्षाला ५१ हजार टन, म्हणजे आपल्या १७० किलोच्या तीन लाख गाठी, ड्युटी शून्य. संत्री आणि मॅन्डरिन जातीची फळे : वर्षाला १३ हजार ७०० टनांपर्यंत निम्मी ड्युटी. मसूर : दीड लाख टनांपर्यंत निम्मी ड्युटी. यातल्या कुठल्याही ओळीत ‘अमुक किमतीच्या खाली सवलत नाही’ असं कुंपण दिसत नाही. वाइनले कुंपण, कापसाले अन् संत्र्याले फाटक उघडं!

खोटी भीती घालण्याचा आमचा धंदा नाही, म्हणून लगेच दुसरी बाजूही सांगतो. तीन लाख गाठी ऐकायला मोठ्या वाटतात, पण देशात वर्षाला तीन कोटी गाठींच्या आसपास कापूस पिकतो. म्हणजे शंभरातली एक गाठ. तेवढ्याने अकोटच्या बाजारात भाव पडत नसतो. संत्र्याचंही तसंच. ऑस्ट्रेलियाचा हिवाळा म्हणजे आपला पावसाळा. त्यांची संत्री जून ते ऑक्टोबरच्या दरम्यान येतात. आपला आंबिया बहार सप्टेंबर-ऑक्टोबरपासून बाजारात पडतो आणि मृगाचा फेब्रुवारी-मार्चमध्ये. गाठ पडलीच तर आंबियाच्या आगाप मालाशी पडेल. शिवाय ते फळ मुंबई-दिल्लीच्या एसी दुकानात स्टिकर लावून विकलं जातं. वरुडच्या चुरीशी त्याचा सामना नाही.

मग रडायचं कशाला? कारण करारापेक्षा मोठा खेळ अधिसूचनेत चालतो. हरभरा घ्या. ऑस्ट्रेलियाच्या करारात हरभरा वगळला होता, सवलत नव्हती. आपण म्हणालो, चला, हरभरा वाचला. पण मे २०२४ मध्ये केंद्राने देशी हरभऱ्यावरची आयात ड्युटी एका कागदाने शून्यावर आणली, ती ३१ मार्च २०२५ पर्यंत शून्यच राहिली, आणि त्यानंतर लावली ती फक्त दहा टक्के. त्या काळात जहाजं भरभरून हरभरा आला आणि त्यात ऑस्ट्रेलियाचा मोठा वाटा होता. दारातून नाही आला, खिडकीतून आला. कापसाचंही तेच. फेब्रुवारी २०२१ पासून आयात कापसावर अकरा टक्के ड्युटी होती. ती १९ ऑगस्ट २०२५ रोजी उठवली, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. ऑगस्ट ते डिसेंबर म्हणजे आपली बोंडं फुटायची, वेचाईची अन् पहिल्या विक्रीची वेळ. त्या हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव होता ८,११० रुपये, आणि खुल्या बाजारात काय मिळालं ते ज्याने बंडी नेली त्याला विचारा.

आता त्या बाटलीकडे येऊ. ज्यांच्याशी आपला सौदा लागला आहे ते लोक कोण, हे तरी माहीत पाहिजे.

ऑस्ट्रेलियात द्राक्ष मूळचं नाही. १७८८ साली इंग्रजांचं पहिलं जहाजी काफिलं तिथं पोचलं, त्यासोबत वेलाच्या काड्या गेल्या. १८३२ मध्ये जेम्स बस्बी नावाच्या माणसाने स्पेन-फ्रान्समधून शेकडो जातींची कलमं नेली. पुढे जर्मन लोक दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या बरोसा खोऱ्यात वसले आणि त्यांनी शिराझ जातीची काळी द्राक्षे लावली. त्यातल्या काही वेली पावणेदोनशे वर्षांनंतर आजही फळ देतात. आपल्याकडे संत्र्याचं झाड पंधरा-वीस वर्षांत डिंक्याने बसतं, तेव्हा हे ऐकून हेवा वाटल्याशिवाय राहत नाही.

पण रोजच्या पिण्याची स्वस्त तांबडी वाइन बरोशातून फारशी येत नाही. ती येते कालव्याखालच्या सपाट, तापट मुलखातून. मरे आणि मरम्बिजी या नद्यांचं पाणी कालव्याने खेळवलेला तो भाग आहे. रिव्हरलँड, रिव्हरिना अशी त्याची नावं. रिव्हरिनात ग्रिफिथ नावाचं गाव आहे. इटलीहून पोटासाठी आलेली कुटुंबं तिथं मोठ्या संख्येने वसली. आणि गंमत ऐका : त्या ग्रिफिथच्या शिवारात द्राक्ष होतं, संत्रा होतो आणि अलीकडे कापूसही भरपूर होतो. म्हणजे आपलं वरुड अन् अकोट एकाच शिवारात. फरक इतकाच की तिथं एका घराकडे शेकडो एकर, वेचाई मशीनची, तोडणी मशीनची, आणि पाणी नहराचं.

याच ग्रिफिथजवळच्या कॅसेला कुटुंबाने ‘यलो टेल’ नावाची वाइन २००१ साली अमेरिकेत उतरवली. लेबलावर उडी मारणारं कांगारूवंशी जनावर, चव गोडसर-मऊ, नाव सोपं, भाव परवडणारा. जाणकारांनी नाकं मुरडली, पण गिऱ्हाईक तुटून पडलं. त्याआधी १९६५ मध्ये रेनमार्कच्या थॉमस अँगोव्ह यांनी वाइन बाटलीऐवजी पिशवीत भरून ती पिशवी खोक्यात ठेवायची युक्ती काढली होती. तोटी फिरवली की ग्लासभर वाइन. ऑस्ट्रेलियातला साधा कामगार रोजच्या जेवणासोबत पिऊ लागला तो अशा खोक्यातून. आपल्याकडच्या दुकानात बऱ्याच वर्षांपासून दिसणारी ‘जेकब्स क्रीक’ बरोशातल्या एका ओढ्याच्या नावाची. १९७६ पासून बाजारात आहे. शिराझ, कॅबर्ने, मर्लो ही नावं बाटलीवर दिसतात ती द्राक्षाच्या जातींची, जशी आपल्याकडे तुरीच्या पोत्यावर जात लिहितात. तिथल्या शिराझची तब्येत दांडगी असते : रंग गडद, मिऱ्याचा थोडा झणका, पिकल्या जांभळाची आठवण करून देणारा वास. कॅबर्ने जरा तुरट. मर्लो मवाळ. दोन जाती मिसळलेली बाटली सहसा एकाच जातीच्या बाटलीपेक्षा स्वस्त असते आणि रोजच्या जेवणाला तीच चालून जाते.

आता हिशोब करा. एका बाटलीला साधारण किलो-सव्वा किलो द्राक्ष लागतं. ग्रिफिथकडे तांबड्या द्राक्षाचा भाव २०२० साली टनाला साडेसहाशे ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घरात होता. तो २०२३ मध्ये तीनशेच्या आसपास आला. आपल्या पैशात किलोला सोळा-सतरा रुपये. म्हणजे बाटलीमागे कास्तकाराच्या हाती वीस रुपये. तीच बाटली आयात ड्युटी, राज्याचे कर, व्यापाऱ्याची साखळी असं करत आपल्या दुकानात हजाराच्या पुढे जाते. हजारातले वीस. सदऱ्यातला कापूस आणि बाटलीतलं द्राक्ष, दोघांचा सातबारा एकच म्हणायचा.

भाव कोसळला तो एका गिऱ्हाईकावर भरोसा ठेवल्याने. ऑस्ट्रेलियाची महागडी तांबडी वाइन चीन घेत होता. २०२० मध्ये दोन्ही देशांचं बिनसलं, चीनने दोनशे टक्क्यांच्या वर शुल्क लावलं आणि धंदा एका रात्रीत बंद झाल्यासारखा झाला. टाक्या भरलेल्या, गोदामं भरलेली. मार्च २०२४ मध्ये चीनने शुल्क उठवलं, पण तोवर रिव्हरिना-रिव्हरलँडमधल्या कित्येकांनी चांगल्या धरत्या वेली बुलडोझरने उपटून जाळल्या होत्या. हे तिथं पहिल्यांदा झालं असंही नाही. १९८० च्या दशकात दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या सरकारनेच वेली उपटायला पैसे दिले होते. माल जास्त झाला म्हणून. त्या वेळी काही जुन्या शिराझच्या बागाही गेल्या, ज्यांच्या वाइनला पुढे सोन्याचा भाव आला.

वरुड-मोर्शीच्या बागायतदाराला हे परकं वाटणार नाही. आपल्या संत्र्याचं मोठं गिऱ्हाईक बांगलादेश. त्या देशाने २०१९ नंतर आयात शुल्क वर्षागणिक चढवत नेलं आणि इथं व्यापाऱ्याने झाडावरच्या मालाची बोली निम्म्यावर आणली. काहींनी कुऱ्हाड उचलली. ग्रिफिथचा इटालियन आणि वरुडचा माळी एका बाकावर बसले तर दुभाष्याची गरज पडू नये.

थोडं साठवणीविषयी, कारण हा प्रश्न खरोखर विचारला जातो. पुण्या-मुंबईला नोकरीवर असलेली पोरं दिवाळीत एखादी बाटली घेऊन येतात. बाप म्हणतो, ठेव, जुनी होऊ दे, वाइन जितकी जुनी तितकी चांगली. आमच्या ओळखीच्या एका घरी अशी बाटली माळ्यावर, टिनाखाली, दोन उन्हाळे राहिली. तिसऱ्या दिवाळीला उघडली तर बूच वर सरकलेलं, आतला रंग विटकरी, आणि चव शिळ्या काढ्याची. आजीबाईंनी वास घेऊन निकाल दिला : सिरका झाला, लोणच्यात टाका.

‘जितकी जुनी तितकी चांगली’ हे बहुतेक बाटल्यांना लागू नाही. रोजच्या पिण्याची तांबडी वाइन वर्ष-दोन वर्षांत, फार तर तीन वर्षांत संपवायची असते. द्राक्षाच्या सालीतून अन् बीतून येणारा तुरटपणा, सोबत आंबटपणा आणि दाट रस, हे तिन्ही भरपूर असेल तरच वाइन दहा-वीस वर्षं टिकते. तुरटपणा हळूहळू विरतो आणि चव गोलाव धरते. स्वस्त वाइनमधून तो तुरटपणा मुद्दामच कमी ठेवतात, लगेच पिता यावी म्हणून. मग ती ठेवून सुधारणार काय?

ठेवण्याच्या वाइनची ऑस्ट्रेलियातली मोठी गोष्ट मॅक्स शूबर्ट यांची आहे. पेनफोल्ड्स कंपनीचा हा माणूस १९५० मध्ये युरोपात गेला, फ्रान्समध्ये चाळीस-पन्नास वर्षं मुरलेल्या वाइन चाखून आला आणि १९५१ मध्ये घरच्या शिराझची तशी वाइन करून पाहिली. तिचं नाव ग्रेंज. १९५७ मध्ये जाणत्या लोकांना चाखवली तर त्यांनी थट्टा केली. कंपनीने हुकूम काढला, बंद करा. शूबर्टने वरून होय म्हटलं आणि पुढची दोन-तीन वर्षं लपवून वाइन करत राहिला. दरम्यान आधीच्या बाटल्या मुरल्या, चव उघडली आणि कंपनीला हुकूम मागे घ्यावा लागला. आज ग्रेंजची बाटली म्हणजे एका बैलाची किंमत. पण हे शंभरातल्या एखाद्या बाटलीचं नशीब.

साठवायला लागते बारा-चौदा अंशाची थंड, अंधारी, हादरे नसलेली जागा. अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो तिथं माळा, कपाट, गाडीची डिक्की, सगळं बाद. आपले जुने लोक हुशार होते. ज्वारी पेवात ठेवायचे, जमिनीच्या पोटात. वाइनचं तळघर म्हणजे दुसरं काय, पेवच. आज पेवं बुजली, तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि सहा महिन्यांत मोकळे व्हा. बूच असलेली बाटली आडवी ठेवतात, बूच ओलं राहावं आणि आत हवा जाऊ नये म्हणून. फिरकीचं झाकण असेल तर उभी राहिली तरी बिघडत नाही. ऑस्ट्रेलियावाल्यांनी बहुतेक बाटल्यांना तेच बसवलं आहे. उघडलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते.

आडवी बाटली म्हटल्यावर आमच्या गावोगावच्या मायबहिणींना वेगळंच आठवेल. महाराष्ट्रात गावाच्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दारूचं दुकान बंद होतं. तळघरातली आडवी बाटली जपायची, मतपत्रिकेवरची गाडायची. ग्रामसेवक आणि पोलीस पाटलांनी एक ध्यानात ठेवावं : शेजारचा वर्धा जिल्हा १९७० च्या दशकापासून दारूबंदीचा आहे. भेट म्हणून आलेली बाटली घेऊन कोणी तिवसा-कौंडण्यपूरकडून नदी ओलांडली, तर ती ऑस्ट्रेलियाची आहे की मोहाची, हे कायदा विचारत नाही.

आता खरा प्रश्न. दर चार-दोन वर्षांनी कोणीतरी येतो आणि सांगून जातो, संत्र्याची वाइन करा, मोहाची वाइन करा, वऱ्हाडचं सोनं होईल. टाळ्या पडतात, कोनशिला बसते. नाशिकने काय भोगलं ते आधी पाहा. महाराष्ट्राने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, राज्यातल्या द्राक्षाच्या वाइनला उत्पादन शुल्कात सूट दिली, विंचूरला वाइन पार्क झालं. राजीव सामंत यांच्या सुला कंपनीची पहिली वाइन २००० साली निघाली आणि ती चालली. ते पाहून जो तो वाइनरी काढू लागला. कास्तकारांनी खाण्याचं द्राक्ष काढून शिराझ-कॅबर्ने लावलं, कराराने. २००८ मध्ये मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं रिकामी पडली, टाक्या भरून राहिल्या. करार कागदावर राहिले, चुकारे लटकले आणि बऱ्याच जणांनी वाइनच्या वेली काढून पुन्हा थॉमसन लावलं. खायचं द्राक्ष निदान हातगाडीवर तरी विकता येतं. वाइनचं द्राक्ष बारीक, बियांचं, ते वाइनरीने नाही घेतलं तर कोणी घेत नाही. २७ जानेवारी २०२२ ला राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं. शेतकऱ्याच्या नावाने ठरवलं, शेतकऱ्याच्याच नावाने विरोध झाला आणि निर्णय अमलात आला नाही. आम्हाला त्या वेळी दोन्ही बाजूंनी शेतकऱ्याचं नाव ऐकून कंटाळा आला होता.

संत्र्याची अडचण तर निसर्गाचीच आहे. वाइनच्या द्राक्षात पिकल्यावर बावीस-चोवीस टक्के साखर असते, ती आंबून बारा-तेरा टक्के अल्कोहोल देते आणि वाइन टिकते. संत्र्याच्या रसात साखर दहा-अकरा टक्के. तेवढ्यावर पाच-साडेपाच टक्केच अल्कोहोल होतं. म्हणजे बाहेरची साखर घालावी लागते, मग ती वाइन संत्र्याची किती आणि कारखान्याच्या साखरेची किती? त्यातही नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की काही तासांत कडवट होतो. लिमोनिन नावाच्या द्रव्याचा तो गुण आहे. कडवटपणा काढता येतो, पण त्याला यंत्र लागतं आणि यंत्राला पैसा. होऊ शकत नाही असं आम्ही म्हणत नाही. अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, नागपूरची लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संस्था आहे, तिथं जाऊन विचारता येतं. पण कोणी प्रकल्पाचा कागद घेऊन आला तर त्याला आधी इतकं विचारा : कडवटपणा कसा काढणार, साखरेचा खर्च कोणाच्या अंगावर, चुरी काय भावाने घेणार, आणि टाक्या भरल्या त्या वर्षी माझा माल उचलणार की नाही? शेवटच्या प्रश्नाला उत्तर लेखी नसेल तर चहा पाजून वाटे लावा.

आणि आपल्या खासदारांना काय विचारायचं? वाइनले जे कुंपण मिळालं ते कापसाले, संत्र्याच्या रसाले अन् हरभऱ्याले काहून नाही? किमान आयात किंमत ठरवा : अमुक भावाच्या खाली आलेल्या मालाला सवलत नाही. वाइनसाठी पाच डॉलर लिहिता येतं, तर कापसाच्या खंडीमागे, हरभऱ्याच्या टनामागे हमीभावाशी जोडलेला आकडा लिहायला कोणता कायदा आडवा येतो? गिरणीवाले म्हणतील, कापूस महाग झाला तर सूत विकत नाही, कामगार घरी बसतील. त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे, ते नाकारून चालणार नाही. पण मग ड्युटी उठवायचीच असेल तर कास्तकाराचा माल विकून झाल्यावर, मार्चनंतर उठवा. बोंड फुटताना नको. ऑस्ट्रेलियाशी पुढच्या, मोठ्या कराराची बोलणी २०२३ मध्ये सुरू झाली. तिकडून आणखी काय काय मागतील याचा अंदाज बांधायला फार हुशारी लागत नाही. टाक्या त्यांच्याकडे भरल्या आहेत, कापूस त्यांच्याकडे मशीनने निघतो.

वऱ्हाडाला दुनियेचा बाजार नवा नाही. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी पेटली, लिव्हरपूलला कापूस पोचेना, तेव्हा ‘उमरावती’ नावाने आपली रुई तिथं गाजली आणि १८७० मध्ये खामगावला खास रेल्वेची शाखा आली, खुद्द व्हॉइसरॉय मेयो उद्घाटनाला होते. पण अमेरिकेचं युद्ध १८६५ मध्येच संपलं होतं आणि भाव त्याच वर्षी आपटला होता. भाव चढतो-उतरतो ते लिव्हरपूलला ठरत होतं, आता दिल्लीच्या एका अधिसूचनेत ठरतं.

सरपंच मंडळींनो, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी या दिवशी ग्रामसभा होतेच. घरकुल अन् नालीच्या विषयांसोबत एक विषय घाला : आयात कापूस, हरभरा व संत्रा यांना वाइनप्रमाणे किमान आयात किंमत लावावी, आणि ऑक्टोबर ते मार्च या काळात कापसाची ड्युटी उठवू नये. ठराव अर्ध्या पानाचा होतो. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, एक खासदारांना, एक बाजार समितीच्या सभापतींना. ग्रामसेवकाने जावक क्रमांक टाकावा आणि तिन्ही ठिकाणची पोच फाइलला लावून ठेवावी.